आठव्या पॅडचा डफ

शहापूरला हायवेच्या कडेला धर्मेंद्रचं साऊंडचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. त्या खोल्यांत तो, बायको रत्नमाला आणि वडील बाबुलाल राहतात. समोरून दिवसभर नागपूरच्या गाड्या जातात आणि काउंटरवर धूळ बसते. धर्मेंद्र ती सारखी पुसतो आणि पुसताना दरवेळी रस्ता बांधणाऱ्याच्या नावाने काहीतरी पुटपुटतो.

माणूस आयटीआय झालेला. वायर, फ्यूज आणि सोल्डर यांच्या पलीकडच्या कशावर त्याचा विश्वास नव्हता. बिघाड झाला म्हणजे कुठेतरी काहीतरी तुटलंय, आणि शोधलं की ते सापडतं, एवढं साधं त्याचं गणित. राग मात्र नाकाच्या शेंड्यावर. स्पीकरचा कोन फाडून आणणाऱ्या गिऱ्हाइकाला तो असा झापायचा की पुढच्या वेळी ते गिऱ्हाईक बायकोला पाठवायचं. हा राग घराण्यातलाच आहे असं बाबुलाल सांगायचा, आणि सांगताना त्याच्या तोंडावर तक्रार नसायची.

रत्नमाला भीमगीतं गायची. तिच्या मागे धर्मेंद्र ऑक्टोपॅड वाजवायचा, काठ्यांनी वाजवायचं विजेवरचं वाद्य. त्यांची पार्टी पवनीपासून मोहाडीपर्यंत फिरायची, आणि गोंदिया वेगळा जिल्हा झाला तरी तिकडची माणसं त्यांना विसरली नव्हती. त्या वर्षी पावसाळ्यात धर्मेंद्रने ऑक्टोपॅडचं नवं मॉड्यूल घेतलं. आठ रबरी पॅड, मधोमध लहानशी स्क्रीन, पाठीमागे पेन ड्राइव्हची जागा. मग काय, जेवण थंड व्हायचं आणि हा कानाला हेडफोन लावून बसलेला. ढोलक, ढोलकी, तबला, घुंगरू, मंजिरी, खंजिरी. नाटकवाल्यांसाठी घोड्याच्या टापा, बंदुकीचा बार आणि वीज. झाडीपट्टीच्या नाटकात नायिकेने विष घेतलं की वीज कडाडावीच लागते, मग आभाळ कितीही निरभ्र असो. लग्नासाठी एक संच, नाटकासाठी एक, भीमगीतांसाठी एक असे त्याने वेगवेगळे संच लावले. ढोलकच्या थापेत थोडी घूम वाढवली की रत्नमालाचा खालचा सूर उठून दिसतो, हे त्याला सापडलं तेव्हा त्याने तिला चुलीपुढून उठवून आणलं होतं.

प्रत्येक संचात तो सातच पॅड भरायचा. आठवं रिकामं. दोन गाण्यांच्या मध्ये उजवा हात थकून तिथेच टेकायचा, आणि तिथे आवाज असला तर नको तेव्हा वाजायचा. म्हणून आठवं पॅड मुकं ठेवायचं, ही त्याची सवय.

दिवाळीला थोडे दिवस होते तेव्हा दुकानापुढे जीप थांबली. भैयाजी उतरले, मागून त्यांचा पोरगा कैलाश. करडीच्या पलीकडे धर्मेंद्रचं मूळ गाव. बाबुलालचं मातीचं घर आणि धानाच्या दोन बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, अजून तिथे आहेत. भैयाजी त्या गावचे मोठे शेतकरी आणि मंडई कमिटीचे अध्यक्ष. दिवाळी झाली की आपल्याकडे गावोगाव मंडई भरते. दुपारी बाजार, दंडार नावाचा नाचगाण्याचा खेळ, पाहुणेरावळे. पाहुणा मंडईला आला नाही तर सोयरीक हलते म्हणतात, इतकं तिचं महत्त्व.

"धर्मेंद्र, बेटा," भैयाजी खुर्चीवर बसत म्हणाले, "या साली मंडई जोरात करायची हाय. पहिल्यासारखी."

"करा ना जी."

"आमच्या बापाच्या काळात डफ वाजल्याबिगर मंडई उभी नाही राहे. तुया आजा वाजवे. डोमा. काय हात होता त्याचा."

धर्मेंद्रच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "डफ आम्ही सोडला भैयाजी. तुमाले मालूम हाय."

"हाय ना. मी कुठं म्हणतो कातड्याले हात लाव? या पेटीत सारे आवाज भरता येतेत म्हणतात. डफ भर, चौकात दोन ठोके दे, बस." ते गोड हसले. "मंग तुमची पार्टी चौकातल्या स्टेजवर. सूनबाई गाईन अन् सारं गाव आयकन."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. बाजार चौकातल्या स्टेजवर भीमगीतं आजवर झाली नव्हती. रत्नमाला लग्न होऊन त्या गावची सून झाली तेव्हापासून विहाराच्या अंगणातच गायली. चौकाचं नाव काढलं की दरवर्षी काहीतरी निघायचं. कधी वेळ कमी पडायचा, कधी नाटकवाल्यांचा पडदा आधीच लागलेला असायचा. एका वर्षी माईक बिघडला होता, आणि तो दुरुस्त करायला कमिटीने बोलावलं होतं धर्मेंद्रलाच. त्याने तो दुरुस्त केला, आणि मग त्याच माईकवर दुसऱ्याच कोणाची लावणी झाली. परतताना गाडीवर रत्नमालाने एकही शब्द काढला नव्हता, आणि गाणारी बाई गप्प बसली की घर कसं होतं ते धर्मेंद्रला ठाऊक होतं.

"पाहतो," तो म्हणाला. नाही म्हणायचं होतं, आणि तोंडातून हे निघालं.

कैलाशने जाता जाता आठव्या पॅडवर टिचकी मारली. "हे काहून नाही वाजत बे?"

"मुकं हाय ते," धर्मेंद्र म्हणाला.

बाबुलालला कानाने फार कमी ऐकू यायचं. त्याला सांगायचं तर जवळ बसून, तोंड दिसेल असं सांगावं लागे. धर्मेंद्रने सगळं सांगितलं आणि स्वतःच बाजू मांडली. "कातडं नाही बाबा. रबर हाय. आतून करंट जाते. याले डफ म्हणणं म्हणजे फोटोले माणूस म्हणणं झालं."

"कातडं नाही, मानलं," बाबुलाल म्हणाला. "पण हाक कोणाची हाय?"

धर्मेंद्र पेटीची वायर गुंडाळू लागला.

"माया बापानं डफ नाही सोडला रे. डफ त्याले जीवापाड होता. बापानं हाक सोडली. त्यायनं 'चाल रे डोम्या' म्हणलं का हातातला घास टाकून पळा लागे, चपला हातात घेऊन. ढोर मेलं तरी हाक, मंडई असली तरी हाक. डफ होता म्हणून हाक होती. म्हणून त्यानं डफ बोडीत टाकला."

नागपूरला दीक्षा झाली त्याच्या पुढच्या मंडईची ही गोष्ट. बोडी म्हणजे धानाच्या बांध्यांच्या वर असतं ते लहान तळं. डोमाने भर दुपारी सगळ्यांदेखत डफ तिच्यात फेकला. मंडई डफाविना झाली. दुसऱ्या दिवशी भैयाजींच्या बापाने त्याला खळ्यावर गाठून उजव्या हाताची बोटं मोगरीने ठेचली. बाबुलाल तेव्हा लहान होता आणि तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगामागून त्याने ते पाहिलं. पुढे मरेपर्यंत डोमा खाटेवर बसून त्या मोडक्या बोटांनी खाटेच्या पाटीवर ठेका धरायचा. चार ठोक्यांचा ठेका. तिसरा ठोका ज्या बोटाचा होता ते बोट सरळ होत नसे, त्यामुळे तिसऱ्याच्या जागी नुसती फट राहायची. बाबुलाल अजून तो ठेका मांडीवर धरून दाखवायचा. ठक, ठक, मग काही नाही, मग ठक.

हे सगळं ऐकून धर्मेंद्र कोणावर चिडला असेल तर बापावर. जुनं उगाळून काय होणार? आपण हाकेला चाललो नाही, आपण बायकोच्या गाण्यासाठी चाललो, अशी त्याने मनाची समजूत घातली. वरातीत वाजवणाऱ्या धुमाल पार्टीतल्या एका ओळखीच्या माणसाकडून त्याने डफाचा एकच स्वच्छ ठोका रेकॉर्ड करून आणला. पेन ड्राइव्हने मॉड्यूलमध्ये चढवला. सातही पॅड भरलेले होते. तो आठव्यावर गेला.

आवाज चांगला आला. कोरडा, कडक, कानाच्या पाळीला लागणारा.

दोन दिवसांनी आभाळ आलं. धर्मेंद्रने पॅडवर काठी मारली आणि आवाज आला तो ढप्प. ओल्या पोत्यावर मारल्यासारखा. त्याने केबल बदलली. अ‍ॅम्प्लिफायर बदलला. हेडफोन लावून ऐकलं. ढप्प तो ढप्पच. बाकीचे सात आवाज जसेच्या तसे. दुपारी ऊन पडलं आणि डफ पुन्हा कडक वाजू लागला.

हे त्याला पटणं शक्य नव्हतं. कातडं दमटात सैल पडतं आणि उन्हात ताणतं, म्हणून तर जुने लोक वाजवण्याआधी डफ तणसाच्या जाळावर शेकायचे. पण पेटीत भरलेला आवाज म्हणजे आकडे. आकड्यांना ऊन लागत नाही. त्याने पुढचे काही दिवस मुद्दाम तपासलं. सकाळी दवात बोदा, दुपारी कडक, संध्याकाळी मधला. रत्नमाला एकदा दुकानात डोकावून म्हणाली, "तणस कायले जाळलं आत?" दुकानात जाळलेलं काहीच नव्हतं. पण तिला आला तो वास त्यालाही आला होता.

त्याने आवाज पुसून टाकला. स्क्रीनवर आठव्या पॅडसमोर नुसती रेघ आली, म्हणजे रिकामं. त्याने काठी मारली. डफ वाजला.

चिडून त्याने एकामागून एक चार ठोके मारले. जोराने, सारख्या अंतराने, मनात मोजत.

तीन ऐकू आले. तिसऱ्याच्या जागी फट.

पुन्हा मारले. पुन्हा तीन. काठी रबरावर बसताना हाताला कळत होती, आणि आवाज नव्हता. चौथा मात्र बरोबर.

बाबुलाल मागच्या दारात उभा होता. त्याला ऐकू येत नव्हतं, पण तो आला होता. त्याने पुढे होऊन आठव्या पॅडवर तळवा ठेवला, मग हात काढून धोतराला पुसला.

"वलं हाय," तो म्हणाला.

धर्मेंद्रने हात लावला. रबर कोरडं होतं.

कोणी विचारेल की मग हा माणूस मंडईला गेलाच कशाला. रागापोटी गेला. भैयाजींचा राग, बापाचा राग, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा, कारण एका पेटीला भ्यायल्यासारखं त्याला झालं होतं आणि ते त्याला सहन होत नव्हतं. शिवाय रत्नमालाने गाणी निवडली होती. नवी पांढरी साडी इस्त्री करून खुंटीला लावली होती. डफाचा आवाज त्याने पुन्हा भरला नाही. भरायची गरजच नव्हती.

मंडईच्या दिवशी ऊन चांगलं होतं. लवकर येणाऱ्या हलक्या धानाची कापणी झालेली, बांध्यांत पेंढ्या पडलेल्या. चौकात शिंगाड्यांचे ढीग, जिलेबीच्या कढया, बांगड्यांची दुकानं, एका कोपऱ्यात दंडारवाले पायात घुंगरू बांधत बसलेले. स्टेज चौकाच्या मधोमध. धर्मेंद्रने मॉड्यूल स्टँडवर लावलं, स्पीकर जोडले. रत्नमाला माईकच्या मागे उभी राहून पदर सारखा करत होती. खाली समोरच्या रांगेत बौद्ध मोहल्ल्यातल्या बाया येऊन बसल्या होत्या. त्या रांगेत त्या पहिल्यांदाच बसत होत्या आणि एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. बाबुलाल स्टेजच्या पायरीशी टेकला होता.

भैयाजींनी माईक हातात घेतला. पाहुण्यांचं स्वागत केलं, मंडईची जुनी परंपरा सांगितली. मग मागे वळून, साऱ्या गावाला ऐकू जाईल असं, हसत हसत म्हणाले,

"चाल रे डोम्याच्या. वाजव."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. त्या माणसाला वाटलं असेल आपण गंमत केली. चौकात काही लोक हसलेही. बाबुलालला शब्द ऐकू आले नाहीत, पण त्याने भैयाजींचे ओठ पाहिले होते. तो उभा राहिला. त्याचा उजवा हात आपोआप खाली चपलेकडे गेला होता आणि अर्ध्यावर थांबला होता. म्हातारपणात, साठ वर्षांनी, त्याच्या हाताला ते आठवलं. धर्मेंद्रने ते पाहिलं आणि त्याच्या डोळ्यांपुढे लाल झालं.

"नाही वाजवत," तो म्हणाला. माईक नसतानाही ते चौकभर ऐकू गेलं.

"काहून?" भैयाजी अजून हसत होते.

"तुमच्या हाकेवर नाही वाजवत. आमचं बोलणं पार्टीचं झालं होतं, हाकेचं नाही."

त्याने रत्नमालाकडे पाहिलं. तिचं स्टेज जात होतं, इतक्या वर्षांनी आलेलं. तिने माईक स्टँडवरून सोडवला, त्याची वायर हातावर गुंडाळली आणि म्हणाली, "उचला सामान."

धर्मेंद्रने आधी मेन वायर काढली. मॉड्यूलची स्क्रीन विझली. स्पीकरच्या केबल सोडवल्या. तेवढ्यात कैलाश उडी मारून स्टेजवर चढला.

"अबे, मशीन तं हाय. कोनीबी वाजवन." त्याने काठ्या उचलल्या आणि स्टँडपुढे ऐटीत उभा राहिला. लोक पुन्हा हसले, कारण वायर जमिनीवर लोळत होती.

त्याने आठव्या पॅडवर काठी मारली.

डफ वाजला.

स्पीकरमधून नव्हे. पॅडमधून. उन्हात शेकलेल्या कातड्याचा आवाज, चौकाच्या चारी भिंतींवरून परत येणारा. जिलेबीवाल्याचा झारा हातात राहिला. दंडारवाल्यांचे घुंगरू गप्प झाले.

कैलाश हसत होता. त्याने आणखी मारले. चार ठोके.

तीन ऐकू आले.

पुन्हा चार. पुन्हा तीन. त्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे वेगळे झाले. हात थांबत नव्हते. धर्मेंद्रने काठ्या धरायला हात पुढे केला आणि मागे घेतला. कैलाशची उजव्या हाताची बोटं काठीभोवती वेडीवाकडी वळली होती.

बाबुलालने तळवा स्टेजच्या फळीवर ठेवला होता. त्याचे ओठ हलत होते.

मग हात थांबले.

कैलाश पायऱ्या उतरला. खाली त्याने चपला काढल्या, वाकून उचलल्या, हातात धरल्या. वळसा घालून तो धर्मेंद्रसमोर, स्टेजच्या खालच्या बाजूला, मान घालून उभा राहिला.

"बलावलं काय जी?" त्याने विचारलं.

कोणी हसलं नाही. भैयाजींनी धावत येऊन पोराच्या थोबाडीत मारली. तो हलला नाही. दोघातिघांनी त्याला जीपमध्ये घातलं तेव्हाही चपला त्याच्या हातातच होत्या.

उन्हाने डोकं फिरलं असं गावाने ठरवलं. पोरगा प्यायलेला होता असंही काही म्हणाले. धर्मेंद्रने दुकानात येऊन मॉड्यूल पूर्ण उघडलं. बोर्ड स्वच्छ, जोडण्या पक्क्या, आत बॅटरी नाहीच. तुटलेलं काही सापडेना, आणि न तुटलेल्या वस्तूचं काय करायचं हे त्याला आयटीआयमध्ये कोणी शिकवलं नव्हतं. त्याने स्क्रू लावले. वायर न लावताच, एका दुपारी, त्या चौकातलं हसणं आठवून त्याचं पित्त खवळलं आणि त्याने आठव्या पॅडवर एक फटका मारला. एकच.

डफ वाजला. त्याने मान वर केली तर दुकानाच्या पायरीखाली कैलाश उभा होता.

पाय धुळीने भरलेले, टाचा फुटलेल्या. हातात चपला.

"बलावलं काय जी?"

"तू कसा आला? कवा निघाला?" धर्मेंद्रने विचारलं.

"सकाळीच निघालो जी. वैनगंगेच्या पुलावर ऊन लागलं."

"कोनं सांगतलं यायले?"

"डफ वाजला ना."

डफ आत्ता वाजला होता. अजून काठी त्याच्या हातात होती. करडीच्या पलीकडून शहापूर म्हणजे पायी अर्ध्या दिवसाची वाट.

रत्नमाला आवाज ऐकून बाहेर आली. पोराची अवस्था पाहून ती पाण्याचा गिलास घेऊन आली. कैलाशने गिलास घेतला नाही. तो दोन पावलं मागे सरला, खाली बसला आणि ओंजळ तोंडाशी धरून वाट पाहू लागला. वरून पाणी ओतावं म्हणून.

रत्नमालाने पाणी ओतलं नाही.

खोटं कशाला सांगायचं, धर्मेंद्रला क्षणभर बरं वाटलं. पोटातून बरं वाटलं. आजोबाची ठेचलेली बोटं, बापाचा चपलेकडे गेलेला हात, सगळ्याचं उट्टं त्या ओंजळीत निघाल्यासारखं. तो त्या पोराकडे पाहत राहिला आणि रत्नमाला त्याच्याकडे पाहत होती.

"हेच पायजे होतं काय आपल्याले?" ती म्हणाली. तिला एवढी चिडलेली त्याने कधी पाहिली नव्हती. "आपण हाक आयकणं सोडलं. हाक मारणं कवा शिकलो?"

तिने कैलाशचा दंड धरून त्याला उठवलं, खुर्चीवर बसवलं आणि गिलास त्याच्या हातात कोंबला. तो भानावर आला आणि रडायला लागला. आपण इथे कसे आलो ते त्याला सांगता येईना.

धर्मेंद्रने त्याला गाडीवर मागे बसवून गावाच्या शिवेपर्यंत सोडलं. पुढे तो एकटाच बोडीवर गेला. मॉड्यूल पोत्यात बांधून आणलं होतं. आजोबाने जिथून डफ फेकला ती जागा बाबुलालने नीट सांगितली होती, आंब्याच्या बाजूची पाळ. पाणी हिरवं आणि स्थिर होतं. पोतं पडलं, बुडबुडे आले, मग काही नाही. घरी येऊन त्याने बापाला खुणेने सांगितलं. बाबुलालने मान डोलावली, पण विचारलं, "काठ्या?"

काठ्या त्याने चुलीत घातल्या.

त्यानंतर धर्मेंद्रने काही वाजवलं नाही. वाजवणाऱ्याची बोटं स्वस्थ नसतात, टेबल दिसलं की टेबलावर, मांडी दिसली की मांडीवर चालतात. म्हणून तो हाताची मूठ मिटून ठेवायचा. जेवताना सोडायचा, सोल्डर धरताना सोडायचा, नाहीतर मिटलेली. रत्नमाला रात्री झोपेत ती उघडून पाहायची आणि नखांच्या खुणांना तेल लावायची. ती आता मागे ढोलक नसतानाच गायची. विहाराच्या अंगणात लोक म्हणाले, आवाज असा जास्त मोकळा वाटतो.

धानाची मळणी सुरू झाली होती त्या दिवसांत. दुपार. ऊन कडक. बाबुलाल दुकानात भिंतीला टेकून बसला होता आणि धर्मेंद्र काउंटरमागे एक जुना रेडिओ पाहत होता. डावा हात रेडिओवर, उजवी मूठ मिटलेली, काउंटरवर टेकलेली.

पायरीखाली सावली पडली.

भैयाजी होते. एकटे. जीप नव्हती. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेलं, ओठ सुकून पांढरे. मान खाली. दोन्ही चपला त्यांनी छातीशी धरल्या होत्या.

"बलावलं काय जी?" म्हातारा म्हणाला.

"नाही," धर्मेंद्र म्हणाला. "म्या नाही बलावलं. घरी जा भैयाजी. म्या काहीच नाही वाजवलं."

भैयाजी हलले नाहीत. पहाटेच निघालेला माणूस जसा पोचल्यावर उभा राहतो, तसे उभे राहिले. त्यांना घाई नव्हती.

बाबुलालने भिंतीला टेकवलेलं डोकं उचललं. इतक्या वर्षांचा बहिरा माणूस, त्याने मान तिरपी करून काहीतरी ऐकलं.

"ऊन चांगलं हाय," तो म्हणाला. "आता कडक वाजन."

धर्मेंद्रने काउंटरकडे पाहिलं. त्याने मूठ आणखी आवळली, डाव्या हाताने वरून दाबून धरली. तरी त्या मुठीतलं पहिलं बोट, त्याला न विचारता, हळूहळू सरळ होऊ लागलं होतं. मग दुसरं. तिसरं वाकडंच राहिलं.